घरात डुप्रासी पाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, वाड्यातल्या खोलीत किंवा भाड्याच्या घरात डुप्रासी ठेवू पाहणाऱ्यांसाठी आहे. परदेशी माहितीपत्रकांतला सल्ला इथे अर्धाच लागू पडतो, कारण त्यात आपला जून ते सप्टेंबर नसतो.

डुप्रासी म्हणजे नेमका कोणता प्राणी?

जर्बिल नावाच्या उंदरांच्या गोतावळ्यातला, जाड शेपटीचा, वाळवंटी प्राणी. मोरोक्कोच्या बाजूपासून इजिप्तपर्यंत, सहाराच्या उत्तर कडेच्या खडकाळ, विरळ झुडपांच्या भागात तो बिळं करून राहतो. शास्त्रीय नाव पॅकियुरोमिस डुप्रासी. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लतास्त यांनी १८८० मध्ये त्याचं वर्णन केलं. नावातल्या पहिल्या शब्दाचा अर्थच 'जाड शेपटीचा उंदीर'. अंग दहा-बारा सेंटिमीटर, शेपटी पाच-सहा, वजन साधारण ३५ ते ५० ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या एका अंड्याहूनही हलका. शेपटीत चरबी साठते, उंटाच्या मदारीसारखी. नीट सांभाळला तर तीन ते पाच वर्षं जगतो, काही त्याहून जास्त.

दुकानदार 'डुप्रासी' म्हणतोय, पण हॅमस्टर तर नाही ना?

शेपटी बघा. हॅमस्टरची शेपटी नावालाच, केसांत लपलेली असते. डुप्रासीची लांब, गुलाबीसर, जवळजवळ बिनकेसाची आणि मधे फुगीर, छोट्या मुद्गलासारखी. तोंड निमुळतं, डोळे काळे व मोठे, पाठ पिवळसर बदामी, पोट स्वच्छ पांढरं. पुण्यातल्या दुकानांत हॅमस्टर आणि गिनी पिग ढिगाने मिळतात, डुप्रासी क्वचितच. त्यामुळे 'आहे ना, उद्या या' असं पटकन म्हणणाऱ्याकडे आधी प्राणी बघा, मगच पैसे काढा.

शेतात सापडणारा आपला देशी जर्बिल हा डुप्रासी नव्हे. तो पकडून आणून पाळायचा विचार करू नका. रानातला प्राणी टाकीत धड जगत नाही, वर घरात पिसवा आणि रोग आणतो.

पाळणं कायदेशीर आहे का?

वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर, वन्यजीवांच्या व्यापारावरच्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतले विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी करावी लागते. ती 'परिवेश' पोर्टलवर होते, नियम २०२४ चे आहेत. डुप्रासी त्या परिशिष्टांत नाही. पण परदेशातून जिवंत प्राणी आणायला आयात परवाना आणि विलगीकरणाची प्रक्रिया असते, आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानाला २०१८ च्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. ग्राहक म्हणून तुमच्या हातात आहे ते एवढंच: प्राणी इथेच पैदास झालेला आहे का हे विचारा आणि पक्की पावती घ्या. पावती देत नाही तिथून घेऊ नका.

एक घ्यावा की जोडी? 'एकटा कंटाळेल' असं वाटतं.

एकच. कंटाळा ही आपली भावना, डुप्रासीची नाही. मोठे झाले की हे प्राणी बहुतेक वेळा एकमेकांना सहन करत नाहीत, माद्या तर मुळीच नाही. भांडणात पहिला चावा शेपटीला बसतो, आणि चरबीने भरलेल्या शेपटीची जखम लवकर चिघळते. एकाच वेतातली भावंडं महिना-दोन महिने गुण्यागोविंदाने राहिली म्हणून पुढेही राहतील असं नाही.

पैदाशीचा मोह असेल तर हे आधी बघा: इथे मिळणारे प्राणी बऱ्याचदा एकाच घराण्यातले असतात, गर्भकाळ जेमतेम १९ ते २२ दिवसांचा, एका वेतात तीन ते सहा पिल्लं, आणि त्या प्रत्येकाला पुढे वेगळी टाकी. नर-मादीचं जमणं आणि भांडण सुरुवातीला दिसायला सारखंच असतं: मागच्या पायांवर उभं राहून ढकलाढकली, चिरकणं. नवख्याला फरक कळेपर्यंत उशीर होतो.

टाकी केवढी आणि कशाची?

३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच काचेची टाकी धरून चाला. मत्स्यटाक्या बनवणाऱ्याकडून ५ मिलिमीटर काचेची करून घेतली तर तयार परदेशी पिंजऱ्यापेक्षा स्वस्त पडते, शिवाय पाणी भरायचं नसल्याने जुनी गळकी टाकीही चालते. वर बारीक जाळीचं झाकण, जाळीचं छिद्र ६ मिलिमीटरपेक्षा लहान, चौकट लाकडी असेल तर आतली कड पत्र्याने मढवलेली. काचेचं किंवा प्लॅस्टिकचं झाकण नको, आतली दमट हवा कोंडते. गजांचा पिंजराही नको: भुसा बाहेर सांडतो, खणायला खोली मिळत नाही आणि गज कुरतडून नाकाचं कातडं सोलवटतं.

चाक लागतंच. व्यास किमान २० सेंटिमीटर, धावायची पट्टी सलग, आड्या किंवा जाळी नाही. आड्यांत पाय किंवा शेपटी अडकते. धावताना पाठ वर वाकलेली दिसली तर चाक लहान आहे. रात्री कुरकुरत असेल तर आसावर खोबरेल तेलाचा एक थेंब पुरतो. शिलाई मशीनचं तेल नको, प्राणी ते चाटतो.

लपायला महागडं घर कशाला? नारळाची स्वच्छ खरवडलेली करवंटी, तिला पाचेक सेंटिमीटरचं भोक आणि कडा काचकागदाने घासलेल्या. किंवा आडवं ठेवलेलं मातीचं बोळकं, उन्हाळ्यात तेच गार राहतं. मात्र मडकं, दगड, फरशी अशी जड वस्तू भुशावर ठेवू नका. थेट टाकीच्या तळावर टेकवा आणि भुसा तिच्याभोवती भरा. नाहीतर प्राणी खालून खणतो आणि वस्तू त्याच्यावर बसते.

खाली काय घालायचं? वखारीतला भुसा चालेल का?

नाही. वखारीतल्या भुशात पिठासारखी धूळ असते, सागवान-पाइन-प्लायवूड सगळं मिसळलेलं असतं आणि प्लायवूडबरोबर त्याचा डिंकही येतो. शिंका आणि लाल डोळे हे ठरलेलं. अ‍ॅस्पेनच्या लाकडाचे काप किंवा कागदी बिछायत घ्या आणि निम्म्याहून थोड्या जास्त भागात १५ सेंटिमीटर जाड भरा. घरट्यासाठी बिनवासाचा साधा टिश्यू पेपर फाडून द्या. कापूस कधीच नाही. त्याचे धागे बोटांना गुंडाळले जातात, रक्त थांबतं आणि बोट जातं.

उरलेल्या भागात वाळू. डुप्रासी पाण्याने अंघोळ करत नाही, वाळूत लोळतो. त्यावर त्याची कातडी आणि केस अवलंबून आहेत, म्हणून ही चैन समजू नका. आणि इथेच पुण्यात चूक होते: बांधकामावरून आणलेली वाळू हल्ली बहुधा 'क्रश सँड' असते, म्हणजे फोडलेला काळा दगड. कण टोकदार, कातडीला ओरखडे काढणारे. गोल कणांची नदीची वाळू किंवा पाळीव प्राण्यांसाठी मिळणारी सँड घ्या. पुडक्यावर 'डस्ट' लिहिलेलं असेल तर ती भुकटी, ती फुप्फुसात जाते. कॅल्शियमची रंगीत वाळूही टाळा.

नदीची वाळू घरी तयार करायची पद्धत: बादलीत घेऊन सात-आठ पाण्यांनी धुवा, वरचं पाणी नितळ येईपर्यंत. उन्हात वाळवा. रव्याच्या चाळणीतून चाळून खडे काढा, मग मैद्याच्या चाळणीत धरून धूळ पाडून टाका. चाळणीवर उरते ती आपली वाळू. जुन्या लोखंडी कढईत वीसेक मिनिटं परतून कोरडी करा आणि पूर्ण गार होऊ द्या. वाळू वरून गार लागली तरी पोटात बराच वेळ तापलेली असते, मनगटापर्यंत हात घालून पाहिल्याशिवाय टाकीत ओतू नका.

साफसफाई किती दिवसांनी?

वाळवंटी प्राणी असल्याने मूत्र अगदी थोडं, वासही जवळजवळ नाही. वाळू दोन-तीन दिवसांनी चाळा. ओला कोपरा दिसला की तेवढाच काढा. तीन-चार आठवड्यांनी एक तृतीयांश भुसा बदला, सगळा एकदम नाही. स्वतःचा वास गेला की तो बिथरतो आणि पुन्हा जिकडेतिकडे खुणा करत सुटतो. फिनेल टाकीच्या आसपासही नको.

पावसाळ्यात काय करायचं?

पुण्यात डुप्रासी पाळण्यातला सगळ्यात अवघड भाग हाच. उन्हाळा दिसतो म्हणून त्याची काळजी घेतली जाते, दमटपणा दिसत नाही. या प्राण्याला ३० ते ५० टक्के आर्द्रता मानवते. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याची हवा दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर असते.

आधी मोजा. दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक मिळतो. तो खोलीच्या भिंतीवर नको, टाकीच्या आत भुशाच्या पातळीला लावा. आतला आकडा खोलीपेक्षा १० टक्क्यांनी जास्त असणं नेहमीचं आहे. प्राणी स्वतःही सांगतो: मऊ, फुललेले केस तेलकट होऊन झुपक्याझुपक्यांनी उभे राहिले, मानेमागे टोकं दिसू लागली, की वाळू ओली झाली आहे. ती मुठीत दाबून सोडा, लाडू झाला तर तिचं काम संपलं.

उपाय सोपा, पण नेमाने करायचा. वाळूचे दोन संच ठेवा. एक टाकीत, एक कढईत कोरडा करून हवाबंद डब्यात, आणि दर दिवसाआड अदलाबदल. एसी असेल तर संध्याकाळी २६ अंशांवर ड्राय मोडमध्ये दोन-तीन तास, टाकीवर थेट झोत न येता. टाकी ओल आलेल्या भिंतीपासून हातभर लांब, बाल्कनीत तर मुळीच नाही. आणि एक गोष्ट फार घरांत राहून जाते: ज्या खोलीत टाकी, त्याच खोलीत दोरीवर कपडे वाळत. बादलीभर पिळलेल्या कपड्यांतून लिटरभर तरी पाणी हवेत जातं. कपडे दुसऱ्या खोलीत हलवले की मापकाचा काटा खाली येतो, फुकटात.

कूलर लावू नका, तो हवेत पाणीच सोडतो. सिलिका जेलच्या पुड्या टाकीत टाकू नका, प्राणी त्या कुरतडतो. त्यांची जागा धान्याच्या डब्यात. टाकीच्या आत बल्ब लावून हवा कोरडी करायचा प्रयोगही नको, कागद आणि भुशाजवळ तापलेला बल्ब म्हणजे आगीला आमंत्रण.

याच महिन्यांत धान्यात पोरकिडे आणि बुरशी होते. पंधरा दिवसांपुरतंच आणा, तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग डब्यात भरा. डब्याच्या तळाशी बारीक राखाडी धूळ दिसली आणि ती हलत असेल, तर ती धूळ नव्हे, धान्यातल्या माइट्स. तो डबा टाकून द्या, टाकीही पूर्ण रिकामी करून धुवा.

उन्हाळा आणि थंडी?

२० ते २७ अंश उत्तम, ३० पर्यंत निभतं. ३२ च्या वर उपाय करा, ३५ च्या वर धोका. वाळवंटातला असून उष्णता का सोसत नाही, असं विचारलं जातं. तिथे तो दिवसभर जमिनीखाली गारव्यात असतो आणि रात्री बाहेर पडतो. एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली ठेवलेल्या टाकीत खाली जायला जागाच नसते.

शहाबादी फरशीचे वीत-वीत लांबीचे दोन तुकडे घ्या. एक फ्रिजमध्ये (फ्रीझरमध्ये नाही), एक टाकीत, आलटूनपालटून, दर वेळी कोरडे पुसून. जास्त तापलं तर बर्फाची बाटली टॉवेलात गुंडाळून काचेला बाहेरून टेकवा. ओलं फडकं झाकणावर टाकू नका. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा पंखा-एसीच्या भरवशावर राहिलेली टाकी आधीच घरातल्या सगळ्यात गार खोलीत, जमिनीवर आणून ठेवा. प्राणी सपाट पसरून धापा टाकत असेल तर गार खोलीत हलवा, कान आणि पाय साध्या पाण्याने किंचित ओले करा आणि डॉक्टरांना फोन लावा. बर्फाचं पाणी अंगावर नको.

डिसेंबर-जानेवारीत रात्री १० अंशांपर्यंत उतरतात. पाच सेंटिमीटर जास्त भुसा, मूठभर टिश्यू आणि टाकी जमिनीवरून उचलून टेबलावर, एवढं पुरतं.

खायला काय आणि किती?

रानात याचं बरंचसं खाणं किड्यांचं असतं. फक्त धान्यावर ठेवलेला डुप्रासी जगतो, पण सुकतो. रोजचं कोरडं मिश्रण चहाचा एक सपाट चमचा, साधारण ५ ग्रॅम. अर्ध्या किलोचं माप असं: राळं १५० ग्रॅम, बाजरी १००, बिनमिठाचे साधे ओट्स १००, वरी ५०, ज्वारी ५०, जवस २५, सूर्यफुलाच्या बिया २५. हे सगळं मंडईत किंवा भुसार दुकानात मिळतं, आयात पाकिटांची गरज नाही.

वाढत्या पिल्लाला रोज चार-पाच मीलवर्म (एका काळ्या भुंग्याच्या अळ्या), मोठ्याला आठवड्यातून चार दिवस तीन-तीन. सुकवलेल्या ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या मिळाल्या तर अधूनमधून त्या द्या, त्यांत कॅल्शियम चांगलं असतं आणि मीलवर्ममध्ये ते कमीच. आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा. काकडी किंवा गाजर नखाएवढं, दोन तासांनी उरलेलं काढायचं. जास्त ओलं दिलं की पातळ शी होते.

नेहमीची चूक: तो सूर्यफूल आधी निवडून खातो, वाटीत राळं उरतं, आणि 'खाल्लंच नाही बिचाऱ्याने' म्हणून नवीन भरलं जातं. वाटी रिकामी होईपर्यंत पुन्हा भरू नका. चिवडा, फरसाण, चॉकलेट, कांदा, लसूण, आंबट फळं वर्ज्य. शेंगदाणा क्वचित, अर्धा, बिनखारा आणि बुरशी न लागलेला.

पाणी लागतंच, वाळवंटातला असला तरी. ५० ते १०० मिलिलिटरची नळीची बाटली लावा आणि नळीतली गोळी रोज बोटाने दाबून थेंब येतो का बघा. टँकर किंवा बोअरचं पाणी येणाऱ्या सोसायट्यांत गोळीवर क्षार बसतात आणि ती अडकते. बाटली भरलेली दिसते आणि प्राणी तहानलेला राहतो. महिन्यातून एकदा नळी अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवून धुवा.

मीलवर्म घरी वाढवता येतात का? घरचे तयार नाहीत.

येतात, आणि वास येत नाही हे घरच्यांना दाखवूनच पटतं. पसरट डब्यात तीन-चार सेंटिमीटर गव्हाचा कोंडा, वर गाजराची एक चकती, झाकणाला बारीक जाळी. चकती दोन दिवसांनी बदला. पावसाळ्यात रात्री काढून ठेवा, नाहीतर कोंड्याला बुरशी येते. मुंग्यांसाठी डबा परातीत पाणी घालून मधे वाटीवर ठेवायचा, तूप-साखरेला करतात तसं. जास्त झाले तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, वाढ थांबते. आठवड्यातून एक दिवस बाहेर काढून खाऊ घाला. अळीचा कोष, कोषाचा काळा भुंगा होतो. भुंगे वेगळ्या डब्यात ठेवलेत तर पुढची पिढी जास्त मिळते, कारण एकत्र असले की ते अंडी आणि कोष खातात.

शेपटी किती जाड असावी?

शेपटी म्हणजे त्याची पासबुक. निरोगी मोठ्या प्राण्याची साधारण करंगळीएवढी, गुळगुळीत, टोकाकडे निमुळती. आतल्या हाडाचे मणके बोटाला लागत असतील तर खाणं कमी पडतंय, दात वाढलेत किंवा आजार आहे. पिल्लं पाजणाऱ्या मादीची शेपटी बारीक होणं स्वाभाविक आहे.

उलट बाजूही आहे. शेपटी जितकी जाड तितका प्राणी छान, हे खरं नाही. चालताना पोट जमिनीला घासत असेल, काखेत चरबीच्या घड्या असतील, तर सूर्यफूल बंद आणि मीलवर्म निम्मे. उपास मात्र घालायचा नाही. दर रविवारी एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या एक ग्रॅमच्या काट्यावर वाटीत बसवून वजन करा आणि लिहून ठेवा. ४० ग्रॅमचा आठवड्यात ३६ वर आला, तर बाकी सगळं ठीक दिसलं तरी डॉक्टर गाठा.

माणसाळवायचं कसं?

डुप्रासीचा स्वभाव मुळातच मवाळ, त्यामुळे लोक घाई करतात. पहिल्याच दिवशी हातात घेतला, तो गप्प बसला, म्हणजे माणसाळला असं वाटतं. तो गप्प बसलेला असतो तो घाबरून. शांत बसणं आणि माणसाळणं यांतला फरक असा ओळखा: हातावर बसून तो तोंड धुतो, मिशा साफ करतो किंवा दिलेलं तिथेच बसून खातो, तेव्हा तो निर्धास्त आहे. अंग दाबून, कान मागे टाकून थिजला असेल तर नाही.

पहिले चार दिवस हात लावू नका. खाणं-पाणी द्या, संध्याकाळी टाकीजवळ बसून रोजच्या आवाजात बोला. हातात चोळलेला टिश्यूचा तुकडा आत टाका, तो घरट्यात नेईल आणि तुमचा वास त्याच्या झोपेच्या जागी जाईल.

पाचव्या दिवसापासून, तो आपण होऊन जागा झाल्यावर, म्हणजे साधारण रात्री आठ-नऊनंतर, बिनवासाच्या साबणाने धुतलेला हात तळवा वर करून आत ठेवा. मधोमध एक मीलवर्म. दहा मिनिटं हात हलवायचा नाही, रग लागली तरी. पहिले दोन-तीन दिवस तो अळी ओढून पळेल. पळू द्या. तळव्यावर थांबून खाऊ लागला की पुढची अळी मनगटाच्या दिशेला ठेवा, म्हणजे चारही पाय हातावर येतात. असं सलग तीन रात्री झालं, की हात बोटभर उचला आणि लगेच खाली टेकवा. मग वीतभर. मग दुसऱ्या हाताची ओंजळ करून टाकीबाहेर, पण तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसलेले असताना. उभं राहून हातात घेतलेला डुप्रासी निसटला तर दात तुटतात, पाय मोडतात.

त्यानंतर कपडे धुवायच्या मोठ्या कोरड्या टबमध्ये करवंटी आणि थोडी वाळू टाकून तिथे भेटत जा. त्याला तुमच्या हाताच्या बाहेर जाता येतं आणि परतही येता येतं. परत येणं हेच शिकवायचं आहे. सुरुवातीला पाच मिनिटं, पुढे पंधरा. कुणी दोन आठवड्यांत जमतो, कुणाला सहा लागतात.

बिघडतं कुठे? हात वरून येतो. वरून येणारी सावली त्याच्यासाठी घुबड असते, म्हणून बाजूने, खालून. दुपारी झोपेतून उठवलं जातं. हाताला सॅनिटायझर किंवा अत्तर असतं. पळताना शेपटीला धरलं जातं, आणि ते तर एकदाही नको, कातडी सोलवटू शकते. पुढचे पाय उचलून चिरकत असेल तर त्या रात्रीपुरतं थांबा आणि दुसऱ्या दिवशी दोन पायऱ्या मागून सुरू करा.

चावला तर?

बहुतेक चावे रागाचे नसतात. बोटाला अंड्याचा किंवा चिक्कीचा वास असतो, नाहीतर प्राणी गाढ झोपेत असतो. हात झटकू नका, तो भिंतीवर आदळतो. हात खाली टेकवला की तो सोडतो. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल आणि पुढच्या उपचारांबद्दल डॉक्टरांना विचारा.

मेल्यासारखा पडलाय, हलवलं तरी उठत नाही!

झोपलेला असण्याची शक्यता जास्त. डुप्रासी पाठीवर किंवा कुशीवर, पाय सैल सोडून इतका गाढ झोपतो की पहिल्यांदा बघणारा घाबरतोच. पोटाकडे मिनिटभर नीट बघा, श्वास दिसतो. थंडीच्या सकाळी अंग गार लागत असेल तर ओंजळीत धरून हळूहळू ऊब द्या. हीटर किंवा हेअर ड्रायर नको. अर्ध्या तासात तरतरी आली नाही तर डॉक्टर.

गणपतीत ढोल-ताशांचा त्रास होतो का?

होतो, आणि आपल्याला वाटतो त्याहून जास्त. डुप्रासीच्या कवटीत कानामागची पोकळ हाडं प्रचंड फुगलेली असतात, वरून पाहिलं तर डोक्याच्या मागे दोन टेंगळं वाटावीत एवढी. त्यामुळे त्याला खर्जातले, हलके आवाज ऐकू येतात. वाळवंटात ते जीव वाचवतात. लक्ष्मी रस्त्यालगतच्या घरात तेच कान ढोलाचा ठोका झेलतात. नदीकाठचा सराव गणपतीच्या कितीतरी आधी सुरू होतो आणि विसर्जन मिरवणूक चोवीस तासांच्या वर चालते.

टाकी रस्त्याकडच्या खिडकीपासून आतल्या खोलीत न्या. खर्ज जमिनीतून येतो, म्हणून टाकीखाली चौपदरी गोधडी घाला. भुसा वाढवा, बुजायला खोली मिळू दे. या दिवसांत माणसाळवण्याचे धडे बंद. पिल्लं असलेली मादी असेल तर मिरवणुकीपुरती लांबच्या नातेवाइकांकडे हलवण्यापेक्षा जागच्या जागी शांत ठेवा, हलवाहलवीने ती पिल्लं मारू शकते. दिवाळीत हेच, शिवाय फटाक्यांचा धूर आत येणार नाही अशी खिडक्यांचा बंदोबस्त.

आणि भिंतीतल्या प्लगला लावायचं उंदीर पळवणारं यंत्र घरात असेल तर ते आधी काढा. ते या प्राण्यालाही 'उंदीर'च समजतं.

कोणत्या लक्षणांवर डॉक्टरांकडे जायचं?

पातळ शी, श्वासात घरघर, एका डोळ्यातून पाणी, कातडीवर गोल टक्कल, वेडेवाकडे वाढलेले पुढचे दात, शेपटीच्या खालच्या बाजूला जखम. यात 'उद्या बघू' नको, ४० ग्रॅमच्या जिवाकडे साठा फार नसतो. कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर एवढे लहान प्राणी बघत नाहीत, म्हणून प्राणी घरी आणण्याआधीच फोन करून कोण बघतं ते ठरवून ठेवा. नेताना छोट्या हवेशीर डब्यात त्याचाच भुसा आणि काकडीचा तुकडा. बाटली प्रवासात गळते.

घरातली औषधं देऊ नका. पेनिसिलिन गटातली औषधं पोटात गेली तर हॅमस्टर आणि गिनी पिगला घातक ठरतात, इथेही तीच सावधगिरी. कुत्र्याची गोचीड पावडर तर अजिबात नाही. खोलीत डासांची कॉइल, झुरळांचा स्प्रे, पेस्ट कंट्रोल असेल तर टाकी आधी दुसऱ्या घरात.

घरात लहान मूल आहे. गरोदर बाई आहे. मांजर आहे.

आठ-नऊ वर्षांखालच्या मुलाने उचलू नये, शेजारी बसून मीलवर्म द्यावा. गरोदर बाईने टाकी साफ करू नये, ते काम घरातल्या दुसऱ्याने. कुरतडणाऱ्या प्राण्यांतून काही संसर्ग येऊ शकतात. हात लावल्यावर साबणाने धुणं सगळ्यांनाच. मांजर असेल तर झाकणाला चिमटे लावा आणि टाकी बंद दाराच्या खोलीत ठेवा. मांजर काचेवर नुसतं बसून राहिलं तरी डुप्रासी खाणं सोडतो.

चार दिवस गावाला जायचंय, काय करू?

दोन रात्री असतील तर दोन बाटल्या लावा (एक अडकली तर दुसरी), कोरडं खाणं तीन दिवसांचं भुशात पसरा, ओलं काही ठेवू नका. त्याहून जास्त असेल तर शेजाऱ्यांना किल्ली द्या आणि कागदावर चार ओळी लिहून टाकीला चिकटवा: रोज एक चमचा, बाटलीची गोळी दाबून बघायची, झोपला असेल तर उठवायचं नाही, हात लावायचा नाही. खाली डॉक्टरांचा नंबर. मीलवर्म शेजाऱ्यांवर सोपवायचे की नाहीत, ते शेजारी बघून ठरवा.